उत्तरार्धातले एकोणीस गोल

श्रावण लागला की आमच्या गावाला मिरचीचा वास येऊ लागतो. वाळल्या मिरचीचा ठसका नव्हे. हा नुकत्याच तोडलेल्या हिरव्या मिरचीचा वास, ओला, कच्चा, नाकाच्या शेंड्याला चिमटा काढणारा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या दुपारपासून रस्त्याला लागतात आणि गोण्यांच्या तोंडातून दोन-चार मिरच्या वाटभर सांडत जातात. आठवीच्या वर्गात समीकरण सोडवताना तो वास खिडकीतून आत आला की माझा खडू थांबतो. पोरांना वाटतं, सर पुढची पायरी विसरले. वाटू दे. मला त्या वेळी सव्वीस हा आकडा आठवत असतो.

सव्वीस म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबाने एका हंगामात खाल्लेले गोल. तीन वर्षं झाली त्याला. नऊ सामने झाले, त्यांतला एक जिंकला, एक बरोबरीत सुटला आणि सात हरले. आम्ही केलेले गोल आठ. सरासरी काढायची तर सामन्याला एक गोलसुद्धा पडत नाही, आणि खाल्लेले मात्र जवळपास तीन. इतकी वाईट सरासरी मी माझ्या वर्गातल्या सर्वांत ढ मुलाचीही काढलेली नाही.

गाव कुठलं, ते सांगत नाही. पिंपळगाव आणि धावडा यांच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते वाचणाऱ्याला कळेल. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो आणि गावात मला ‘टक्केवारी सर’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे कुठल्या धंद्यासाठी वापरतात हे ठाऊक असूनही म्हणतात, आणि मलाही ते मनातून आवडायचं. मला प्रत्येक गोष्ट मोजायची खोड आहे. लग्नाच्या पंगतीत किती पानं वाढली, भोकरदनची एसटी महिन्यात किती वेळा उशिरा आली, सगळं मी मोजतो. बायको म्हणते, तुम्हाला माणूस दिसत नाही, संख्या दिसते. मी हसून सोडून द्यायचो. आता हसता येत नाही.

फुटबॉल आमच्याकडे आला तोच मुळी चुकून. एक क्रीडाशिक्षक बदली होऊन आले, दोन वर्षं राहिले, पोरांना या खेळाचं वेड लावलं आणि बदली होऊन गेले. मागे राहिला एक चेंडू, चौदा पोरं आणि ‘उगवता तारा फुटबॉल मंडळ’ अशी पाटी. मला खेळातलं काही कळत नव्हतं, म्हणून मला सचिव केलं. मैदान म्हणजे शाळेमागची काळ्या मातीची पट्टी. गोलचे खांब जुन्या स्प्रिंकलरच्या पाइपांचे, आणि वरच्या आडव्या दांडीच्या जागी सुतळी. चेंडू सुतळीच्या वरून गेला की खालून, यावर दर रविवारी भांडण व्हायचं. पाऊस उघडल्यावर ती माती बुटांना अशी धरायची की पोरं धावताना एकेक शेर वजन पायात घेऊन धावायची.

पण ते रविवार काय सुंदर होते! तीन वाजता सामना. सकाळभर बाप-लेक मिरचीच्या रानात असायचे, दुपारी अंघोळ करून, केसांना पाणी लावून, मैदानाच्या कडेला रिकाम्या गोण्या अंथरून बसायचे. ऊन ढगातून येऊन-जाऊन असायचं. बांधावर आघाडा माजलेला, आणि पलीकडच्या मक्यात चेंडू गेला की पाच-सहा जण आत घुसायचे अन् दहा मिनिटं सापडायचे नाहीत. तेवढ्यात समोरच्या संघाची पोरं आमच्याच हापशावर पाणी प्यायची. मी खुर्ची टाकून, मांडीवर रजिस्टर घेऊन बसायचो. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, पाऊस होता की ऊन, सगळं त्यात आहे. शेवटच्या रकान्यात शेरा.

आमचा गोलकीपर गजानन. गजा. वीस वर्षांचा, लांब हातांचा, बोलायला कंजूष. बाप लहानपणीच गेलेला. माय, सुमनबाई, मिरची तोडणीला जायची. गजा बारावी करून भरतीची तयारी करत होता. पहाटे पळायचा, दिवसा मिळेल ते काम करायचा आणि रविवारी आमच्या त्या सुतळीखाली उभा राहायचा. पहिल्याच सामन्यात धावड्याच्या पोराने सहा पावलांवरून मारलेला चेंडू त्याने एका हाताने बाहेर काढला. धावड्याची माणसंसुद्धा उभी राहिली. माझ्या शेजारी आमचा कप्तान रामेश्वर याचे वडील बसले होते, ते म्हणाले, “हे पोरगं आपलं न्हाई वाटत, सर. मोठ्या शहरातलं वाटून राह्यलं.” मी रजिस्टरात लिहिलं: चौदावं मिनिट, गोल वाचवला. त्या दिवशी उत्तरार्धात आम्ही तीन गोल खाल्ले.

क्लबाने गजासाठी हातमोजे आणले होते. संभाजीनगरहून खास मागवलेले, आतून स्पंज असलेले. क्लबाची सर्वांत भारी वस्तू ती. मी वस्तूंच्या यादीत लिहून ठेवलं, ‘हातमोजे, जोडी एक, मंडळाची मालमत्ता, वापर फक्त सामन्यासाठी व सरावासाठी’, आणि गजाची सही घेतली. सही घेताना त्याला म्हणालो होतो, दुसऱ्या कामाला वापरलेस तर परत घेईन. तो मान हलवून गेला.

हंगाम पुढे सरकला तसा एक नमुना दिसायला लागला आणि माझ्यातला गणिताचा मास्तर खूश झाला. हरण्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू, पण नमुना सापडल्याचा आनंद त्याहून मोठा होता. सव्वीसपैकी एकोणीस गोल उत्तरार्धातले. पूर्वार्धात फक्त सात. मध्यंतरापर्यंत गजा भिंत व्हायचा आणि मध्यंतरानंतर त्याला काय व्हायचं कोण जाणे. समोरून येणाऱ्या चेंडूकडे तोंड वाकडं करून उभा राहायचा, बाहीने डोळे पुसायचा, भलत्याच बाजूला झेप घ्यायचा. सामना संपला की हापशावर जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत बसायचा. आम्हाला वाटायचं, हरल्याचं रडणं लपवतोय. त्या वयाच्या पोराने लपवून रडावं याचं मला कौतुकही वाटायचं.

सातव्या सामन्यानंतर मी एक तक्ता केला. रंगीत खडूने, दोन रंगांत, वाचनालयाच्या फलकावर लावला. निळा पूर्वार्ध, तांबडा उत्तरार्ध. लोक जमले. आकृती समजायला शिक्षण लागत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगतो, ते त्या दिवशी खरं झालं. रामेश्वर म्हणाला, “आता आकडेच बोलून राह्यले, सर. आपण काय बोलायचं? दुसऱ्या हाफला गडी झोपतो.” तेव्हापासून गजा रस्त्याने निघाला की कोणीतरी ओरडायचं, “गजा, हाफटाइमला चहा घेत जा रे!” तो हसायचा. मी ते पाहिलं आहे. मी तक्ता फलकावरून उतरवला नाही. त्यात चूक काहीच नव्हती.

हंगाम संपला आणि जालन्याहून कागद आला. जिल्ह्याचा संघ निवडायचा होता, एकवीस वर्षांखालचा. प्रत्येक गावाने चाचणीसाठी नाव सुचवायचं, सोबत हंगामातली कामगिरी आणि सचिवाचा शेरा. तिथून पुढे राज्याचा रस्ता होता, आणि राज्याला खेळलं की खेळाडूंच्या जागांवर नोकरीची आशा. गजाला डिसेंबरात एकवीस पूर्ण होत होती, म्हणजे त्याच्यासाठी हा कागद एकदाच येणार होता. तो माझ्या घरी आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, “सर, माझं नाव धाडा. तिथं मी बराबर खेळून दाखवतो. तिथं तसं होणार न्हाई.” मी विचारलं, तसं म्हणजे कसं? तो म्हणाला, “धाडा तेवढं.” मी म्हणालो, नाव धाडतो, पण आकडे आहेत तेच लिहीन.

तेच लिहिले. सामने नऊ, खाल्लेले गोल सव्वीस, पैकी उत्तरार्धात एकोणीस. शेरा: ‘पूर्वार्धात उत्तम. उत्तरार्धात एकाग्रता ढासळते.’ हे वाक्य मला फार जमलं होतं असं वाटलं होतं तेव्हा. ढासळते हा शब्द शोधायला मी पाच मिनिटं घेतली होती. जालन्याहून गजाला बोलावणं आलं नाही. डिसेंबर उलटला. पुढच्या श्रावणात चौदातले सहाच जण मैदानावर आले आणि त्याच्या पुढच्या श्रावणात कोणीच नाही. खांबांचे पाइप ज्याचे त्याने नेले. तिथे आता शेजारचा शेतकरी मका वाळत घालतो.

सरासरी ही फार सभ्य गोष्ट आहे. ती कोणाचं नाव घेत नाही, आवाज चढवत नाही, आणि तिच्या मागे उभं राहिलं की आपलाही आवाज सभ्य होतो. मी वर्षानुवर्षं तिच्या मागे उभा राहिलो. मुलगा गणितात मागे का, तर सरासरी बघा. संघ का हरतो, तर तक्ता बघा. तक्ता बघितला की डोळे वर करून पोराकडे बघायचं काम राहत नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. माझ्या भावाच्या मळ्यात मिरचीचा दुसरा तोडा चालू होता. रविवार होता म्हणून मीही गेलो, बांधावर बसून गोण्या मोजत. बायका सरीसरीने पुढे सरकत होत्या. त्यांत सुमनबाई होत्या. बाकीच्या बायकांच्या हातांना चिंध्या बांधलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या. मिरची दिवसभर तोडली की बोटांची आग होते, सालं निघतात, संध्याकाळी भाकरी थापता येत नाही. सुमनबाईंच्या हातात मोजे होते. एका बोटाचं टोक फाटलेलं, रंग गेलेला, तरी मी ओळखले. संभाजीनगरहून मीच मागवले होते.

“हे कुठून आले, बाई?” मी विचारलं.

“हे व्हय? गजाचे हायेत, सर. त्यानंच देल्ते.” त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले, नवीन बांगड्या दाखवाव्यात तसे. “तुमचा तो खेळ होता ना, त्या सालापासून वापरून राह्यले. तवा तुमच्याच मळ्यात होते ना मी तोडणीला. हाताची लय आग व्हायची, रडू यायचं. मंग तो म्हणला, माय, सोमवार ते शनिवार तू घाल, रविवारी मला दे. शनिवारी सांजच्याला मी चांगले साबणानं धुऊन वाळवून ठिवायची. आठवडाभर मिरचीत असायचे, पण रविवारी एकदम साफ.”

मी बांधावर बसून राहिलो. गोण्या मोजायच्या राहिल्या.

मिरची धुण्याने जात नाही, हे मिरचीच्या गावात राहून कोणाला सांगावं लागतं? वरचं जातं. स्पंजात मुरलेलं तिथंच राहतं, कोरडं असेपर्यंत गप्प राहतं, आणि ओलं झालं की सुटतं. घरी गेलो, रजिस्टर काढलं. पूर्वार्धातले सात गोल बघितले. त्यांतले सहा फक्त दोन सामन्यांतले, आणि त्या दोन सामन्यांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘सुरुवातीपासून पाऊस’. उरलेला एक पेनल्टीचा. म्हणजे उन्हातल्या सामन्यांत मोजे घामाने भिजायला मध्यंतरापर्यंतचा वेळ लागायचा, आणि पावसात लागायचा नाही. कपाळावरचा घाम पुसायला हात वर गेला की मिरची डोळ्यांत, संपलं. आणि तो एकच सामना, पाचवा, पोळ्यानंतरचा, जिथे आम्ही एकही गोल खाल्ला नाही आणि एक शून्यने जिंकलो? शेऱ्यात मी लिहिलं होतं, ‘सणाच्या विश्रांतीचा फायदा’. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सुमनबाईंना विचारलं, त्या साली पोळ्याला तुम्ही गावातच होता का? “न्हाई, सर. बहिणीच्या बाळंतपणाला सिल्लोडला गेल्ते, आठ दिस. जाताना मोजे बादलीत भिजत टाकून गेल्ते.”

सगळं रजिस्टरात होतं. दिवस, वार, पाऊस, मिनिटं. इतकी नीट माहिती तालुक्यात दुसऱ्या कुठल्या क्लबाने ठेवली नसेल. आणि त्या नीट माहितीवरून मी एका पोराचा दोष काढला. एकदाही सामना संपल्यावर हापशापर्यंत चालत गेलो नाही. पन्नास पावलांवर होता हापसा.

गजा आता पिकअप चालवतो. मिरची, आलं, कोबी, जे मिळेल ते संभाजीनगरला नेतो. भोकरदनच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं. दुपारची वेळ होती. चेहरा जाड झाला आहे, पण हात अजून तसेच लांब. मी सरळ विचारलं. तो आधी हसला, मग त्याने ग्लास खाली ठेवला.

“पहिल्या हाफला बॉल दिसायचा, सर. मंग न्हाई दिसायचा. लोकं कोणत्या बाजूनं ओरडून राह्यले, त्यावरून उडी घ्यायचो.”

“अरे, मग सांगायचं ना!”

“काय सांगणार? तिच्या बोटांची सालं निघाल्ती. मोजे क्लबाचे, तुम्ही सही घेतल्ती. वापस घेतले असते तुम्ही.”

घेतले असते. मी त्याच्यापुढे खोटं बोललो नाही. नियम दाखवून, सहीवर बोट ठेवून, घेतले असते.

“मग मोज्यांशिवाय उतरायचं होतंस.”

“तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, मोजे कुठंयत म्हणून. चाचणीला जालन्याला बोलावलं असतं तर नवे घालून गेलो असतो. तेवढा हिशेब मी लावला होता.”

मी म्हणालो, मी गावात सांगतो. फलकावर लावतो. सगळे आकडे पुन्हा मांडतो, पाऊस आणि पोळा दोन्ही धरून. तुझ्यात खोट नव्हती हे सिद्ध करता येतं, गजा, गणिताने सिद्ध करता येतं. माझा आवाज बहुतेक वाढला असावा, कारण टपरीवाल्याने वळून पाहिलं.

त्याने दोन्ही हात जोडले. चेष्टेने नव्हे. “नका करू, सर. गावात लागलं की मायला कळंल. तिला वाटतं, पोरानं आपल्याला एक चांगली चीज आणून दिली. तेवढंच ठिऊ द्या तिच्यापाशी. मी कच्चा होतो, असंच राहू द्या. आता कुठं खेळायला जायचंय मला?”

चहाचे पैसे त्यानेच दिले. गाडीत बसताना खिडकीतून म्हणाला, “तुमचे आकडे बराबर होते, सर. गोल तर मीच खाल्ले ना.” हे तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, आणि त्यानेच मला सर्वांत जास्त लागलं.

तेव्हापासून काही सुचत नाही. मी घरी बसून तो नवा तक्ता केला आहे. सुरेख झाला आहे. कोणालाही दाखवता येणार नाही असा. निवड करणाऱ्यांना पत्र लिहावं म्हटलं, तर त्या वयाची पोरं आता दुसरी आहेत. वाचनालयातला जुना तक्ता कधीच फाटला, पण गावाच्या डोक्यातून तो पुसायचा कसा, याची रीत मला येत नाही. वर्गात सरासरी शिकवायची वेळ आली की मी पोरांना उदाहरणं सोडवायला देतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो. ही गोष्ट इथे लिहितो आहे, कारण सुमनबाईंना वाचता येत नाही, आणि वाचून दाखवू शकणारा त्यांचा मुलगा हे कधीही वाचून दाखवणार नाही.

परवा पुन्हा मळ्यात गेलो. जायचं नव्हतं, भाऊ बाहेरगावी होता म्हणून जावं लागलं. दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा सुमनबाई माझ्याकडे आल्या. पदर सारखा केला.

“सर, रागावणार न्हाई तर एक विचारते. किती दिसांचं मनात हाये. गजाला तवा जालन्याला का न्हाई बोलावलं? सगळे म्हणायचे, पोरगं लय चांगलं खेळतं. मंग नेमकं काय झालं?”

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आयुष्यभर मी लोकांना खरी उत्तरं दिली, त्यांना हवी होती की नाही याची पर्वा न करता. हे उत्तर मला तोंडपाठ होतं, मिनिटामिनिटाने.

“खेळात कच्चा होता, बाई,” मी म्हणालो. “दुसऱ्या हाफला त्याचं लक्ष राहायचं नाही. आणखी काही नाही.”

मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

“असं व्हय,” त्या म्हणाल्या. “बरं झालं विचारलं. इतके दिस मला वाटून राह्यलं होतं, माझ्यामुळंच पोराचं काही राह्यलं का काय.”

आणि त्या डबा उघडून बाकीच्या बायकांत जाऊन बसल्या.